पुडीतला खलनायक

दिवाळीच्या अंकात मारामारीच्या चित्रपटांविषयी लिहिणे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. फराळाच्या ताटाशेजारी पिस्तुले आणि अफूच्या पेट्या मांडून ठेवणे हे काही चांगल्या यजमानाचे लक्षण नव्हे. पण हिंदी पडद्यावरचा एक अत्यंत गाजलेला सूडपट दिवाळीच्या रात्रीच सुरू होतो, एवढे मी त्यांच्या नजरेस आणून देतो. १९७३ सालच्या ‘जंजीर’मध्ये बाहेर फटाके उडत असतात आणि त्या आवाजात एका लहान मुलाच्या आईबापांवर झाडलेल्या गोळ्या बुडून जातात. लपून बसलेल्या त्या मुलाला मारेकऱ्याची ओळख पटते ती फक्त त्याच्या मनगटातल्या साखळीवरून आणि तिला लटकणाऱ्या घोड्यावरून. पुढे तो मुलगा पोलीस अधिकारी होतो, शहरात विषारी दारूचा धंदा करणाऱ्याच्या मागे लागतो, आणि अखेरीस तोच घोडा त्याला त्या माणसाच्या मनगटावर दिसतो. समाजाचा शत्रू आणि घराचा शत्रू एकच निघतो. प्रेक्षक समाधानाने उठतो.

या एका योगायोगावर आपल्याकडचे किती चित्रपट उभे आहेत, याची गणती करू नये. दारूच्या जागी चरस आला, चरसाच्या जागी पांढरी पूड आली. १९७६ चा ‘चरस’, १९८६ चा ‘जाँबाज’, १९८७ चा ‘जलवा’ ही त्यातली ठळक नावे. त्यांच्यामागे कमी भांडवलाची, कमी दिवसांत उरकलेली, नावेही लक्षात न राहणारी शेकडो भावंडे उभी आहेत. मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी ती पाहिली नाहीत. मी पाहिली, कारण मी शेलारला राहतो.

शेलार हे भिवंडीच्या कडेचे गाव. येथे दिवसाची सुरुवात आणि शेवट पक्ष्यांच्या किंवा घंटेच्या आवाजाने होत नाही, यंत्रमागाच्या खडखडाटाने होतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेले कामगार, आणि त्यांना जेवू घालणाऱ्या बिश्या. बिशी म्हणजे महिन्याचे पैसे भरून जेवण्याची कामगारांची खानावळ. व्हिडिओच्या काळात अशा वस्तीत एखाद्या पत्र्याच्या खोलीला काळे पडदे लावून चित्रपट दाखवीत. मागाचा आवाज इतका, की संवाद निम्मे ऐकूच येत नसत. ज्या चित्रपटात हाणामारी जास्त आणि बोलणे कमी, तोच तेथे चाले. लोकांची अभिरुची बिघडली आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत बसून एखादे हळुवार कौटुंबिक नाट्य पाहून दाखवावे.

आपण मराठी माणसांनी तर या प्रकाराकडे नाक मुरडून पाहू नये. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचलेल्या त्या स्वस्त पुस्तकांत काय होते? अन्याय, पाठलाग, वेषांतर आणि अखेरचा हिशेब. स्वस्त कागदावरची ती करमणूक आणि स्वस्त फितीवरची ही करमणूक एकाच कुळातली. हलक्या कागदावर छापले म्हणून लिखाण हलके ठरत नाही. तसेच थोड्या पैशांत काढला म्हणून चित्रपटही हलका ठरू नये. प्रश्न एवढाच, की त्या थोड्या पैशांत निर्मात्याने काय पाहिले.

या बाबतीत परदेशातले एक उदाहरण फार बोलके आहे. १९९२ साली रॉबर्ट रॉड्रिगेझ या तरुणाने ‘एल मारियाची’ हा चित्रपट केवळ सात हजार डॉलरच्या आसपास काढला. हा तेथल्या हिशेबाने चहापाण्याचा खर्च. त्यातला काही पैसा त्याने औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचे शरीर भाड्याने देऊन मिळवला होता. मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्यावरचा चित्रपट औषधे पोटात घेऊन उभा राहिला, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटले असते. कथा अगदी साधी. मेक्सिकोतल्या सरहद्दीवरच्या गावात एक गरीब गायक गिटारची पेटी घेऊन कामाच्या शोधात येतो. त्याच वेळी तुरुंगातून सुटलेला एक गुंड तशाच पेटीत बंदुका घेऊन, तेथल्या मादक द्रव्यांच्या सावकाराचा सूड घ्यायला येतो. पेट्या सारख्या, माणसे वेगळी. गायकाला गुंड समजून सारे त्याच्या जिवावर उठतात. शेवटी तो वाचतो, पण त्याची प्रेयसी जाते आणि वाद्य वाजविणारा हात गोळीने निकामी होतो. खलनायक मरतो खरा. मात्र जो उरतो तो गायक उरलेला नसतो. सूडाची किंमत कोण भरतो, हे इतक्या थोड्या खर्चात सांगणारा चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. कॅमेरा फिरवायला रुळांची गाडी नव्हती म्हणून रॉड्रिगेझने चाकांची खुर्ची वापरली, हेही येथे सांगून ठेवतो, कारण पुढे आपल्याला एक सायकल भेटणार आहे.

ती सायकल मालेगावची.

भिवंडी आणि मालेगाव ही मुंबई-आग्रा रस्त्यावरची दोन मागांची गावे. एका गावातला कामगार दुसऱ्या गावात नेऊन सोडला तर आवाजावरून त्याला परके वाटणार नाही. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि लोक चित्रपटगृहाकडे वळतात. तेथे नासिर शेख नावाच्या, व्हिडिओच्या धंद्यातल्या तरुणाने दुसऱ्यांचे चित्रपट दाखवता दाखवता स्वतःच एक काढायचे ठरवले. २००० साली ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन तयार झाले. खर्च पन्नास हजार रुपयांच्या घरातला. नट म्हणजे गावातलेच लोक. गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे त्याने ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला, आणि तो कसा तयार झाला याची हकिगत फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या अनुबोधपटात टिपली. हा अनुबोधपट २००८ साली पुरा झाला आणि २०१२ साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला.

या सुपरमॅनचा विषय हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे. अमेरिकेतला सुपरमॅन पृथ्वीवर आदळणारे संकट अडवितो. मालेगावच्या सुपरमॅनपुढे ठाकलेला खलनायक तंबाखूचा आणि घाणीचा भक्त आहे. त्याला सारे गाव तोंडात तोबरा भरून पिचकाऱ्या मारताना पाहायचे आहे. बाहेरच्या प्रेक्षकाला ही गंमत वाटते, आणि ती गंमत आहेही. पण भिवंडीतल्या माणसाला त्यातली अचूकता लगेच कळते. चित्रपटांनी आम्हांला वर्षानुवर्षे शिकवले, की विष बंदरावर येते, मध्यरात्री येते, चामड्याच्या पेटीत येते आणि ते आणणाऱ्याच्या मांडीवर मांजर असते. आमच्या नाक्यावर मात्र ते दिवसाढवळ्या पानाच्या टपरीवर माळेसारखे लटकत असे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून कामगार एक पुडी फाडतो, भूक लागू नये म्हणून दुसरी फाडतो. त्याला कोणी फसवलेले नाही, धमकावलेले नाही, पळवून नेलेले नाही. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटाला हा खलनायक दिसत नाही, कारण त्याला चेहरा नाही आणि अड्डा नाही. पन्नास हजारांच्या दुनियेतल्या माणसाला तो दिसला, कारण तो त्याच्या खिशातच होता.

सुपरमॅनचे काम शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केले. काडीसारखे अंग, अंगावर ढगळ होणारा पोशाख, लोंबणारी नाडी, पायांत साध्या चपला. हा सुपरमॅन उडतो तेव्हा त्याला दमही लागतो. हिरव्या कापडापुढे त्याला आडवे धरून, मागून आभाळ चिकटविण्याची विद्या नासिर मुंबईहून शिकून आला. पळते दृश्य टिपायला कॅमेरेवाला सायकलवर बसला आणि उंचावरून टिपायला बैलगाडीचा उपयोग झाला. मध्येच शफीकचे लग्न निघाले म्हणून सुपरमॅनला रजा द्यावी लागली. हे सर्व पाहताना मला दादासाहेब फाळक्यांची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही. फाळके याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा करताना त्यांच्यापाशी तरी काय होते? विम्याच्या पॉलिसीवर काढलेले कर्ज होते आणि घरच्या माणसांचे कष्ट होते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहातल्या साळुंक्यांना लुगडे नेसवले होते. मालेगावच्या चित्रपटांतही गावातली स्त्री काम करीत नाही. नायिका बाहेरून आणावी लागते.

आणि येथे मला कौतुकाचा हात थोडा आखडता घ्यावा लागतो. फाळक्यांची अडचण त्यांच्या काळाची होती. शंभर वर्षांनंतरची तीच अडचण तितक्याच प्रेमाने हसण्यावारी नेता येत नाही. ज्या घरातला पुरुष तंबाखूने खंगतो, त्या घराचा पुढचा सारा भार जिच्यावर पडतो ती स्त्री या चित्रपटात जवळजवळ नाहीच. पडद्यामागेही ती उंबऱ्याच्या आतच राहते. विडंबनाचीही एक मर्यादा आहे. मूळ कलाकृती माहीत असेल तोवर हसू येते. ती विसरली की विनोद पोरका होतो. शिवाय तंबाखूवरचा राग हा चित्रपट खलनायकाच्या सोंगात काढून टाकतो. सोंग हरले की व्यसन हरले, असा सोयीचा शेवट त्यालाही मोहवतो. म्हणजे ज्या पठडीची तो टिंगल करतो, त्या पठडीचा एक धागा त्याच्याही कापडात आहेच.

पण चित्रपटाने जे सांगायचे सोडले, ते आयुष्याने सांगितले. अनुबोधपट २०१२ च्या जूनअखेर चित्रपटगृहांत लागला तेव्हा शफीक शेख हयात नव्हता. तोंडाच्या कर्करोगाने तो गेला होता. या रोगाचे आपल्या देशातले मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी चघळणे हे आहे, हे मी वेगळे सांगावयास नको. तंबाखूच्या राक्षसाला पडद्यावर लोळविणारा माणूस प्रत्यक्षात त्याच रोगाने जावा! अनुबोधपट आज पाहताना प्रत्येक हसऱ्या दृश्याच्या तळाशी हे ज्ञान बसलेले असते. तो उडतो, आपण हसतो, आणि हसता हसता आपल्याला ठाऊक असते.

रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा कथापट काढला. तो २०२४ साली टोरोंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे लागला. वरुण ग्रोवर यांचे लेखन आहे. शफीकच्या भूमिकेत शशांक अरोरा यांनी अतिशय संयत काम केले आहे. चित्रपट चांगला आहे आणि घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा असा आहे. तरी एका ठिकाणी मी त्याच्याशी सहमत नाही. कथापटात शफीकला रोग झाल्याचे आधी कळते आणि मग त्याला नायक करण्यासाठी विखुरलेले मित्र एकत्र येऊन सुपरमॅन काढतात. नाट्याच्या दृष्टीने ही रचना सुबक आहे. मरणाऱ्या मित्राला उडविण्याची कल्पना डोळ्यांत पाणी आणते. प्रत्यक्षात मात्र चित्रण चालू असताना कोणालाच काही माहीत नव्हते. धडधाकट वाटणारा एक नवरामुलगा हसत हसत तंबाखूशी लढण्याचे नाटक करीत होता. मला हे न कळलेपण अधिक भयंकर वाटते, कारण ते आपल्या सर्वांचे आहे. कथापटाने मृत्यूला अर्थ दिला. अनुबोधपटाने, नकळत का होईना, तो अर्थावाचून ठेवला. ज्याच्या घरी हे घडले आहे, त्याला दुसरी रीत खरी वाटेल.

आता सूडाकडे वळतो. कारण या साऱ्या चित्रपटांचा कणा सूड हाच आहे. ‘जंजीर’मध्ये डिसिल्व्हा नावाचा एक म्हातारा आहे. ओमप्रकाश यांनी तो केला आहे. नाताळच्या दिवशी विषारी दारू पिऊन त्याचे तीन मुलगे गेलेले आहेत. तो पिस्तूल घेत नाही. निनावी दूरध्वनी करून पोलिसांना माल कोठे आहे ते कळवतो. मला त्या चित्रपटात सर्वांत जवळचा माणूस तोच वाटतो. नायकाचा सूड पडद्यावर पुरा होतो. डिसिल्व्हाचा कसा व्हायचा? मालक धरला तरी मुलगे परत येत नाहीत. आणि शफीकच्या बाबतीत तर मनगटातला घोडाच नाही. पुडी बनविणारा, वाहून आणणारा, टपरीवाला, उधारीवर देणारा मित्र आणि फाडून तोंडात टाकणारा आपण. यांतल्या कोणावर गोळी झाडायची?

२०१२ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. बंदीचा हेतू निर्विवाद चांगला होता. पण ज्या दिवशी बंदी आली, त्या दिवसापासून पुडीला तस्कर मिळाला. शेजारच्या राज्यांतून गुटखा भरून आलेला टेम्पो भिवंडीच्या परिसरात पकडल्याच्या बातम्या आम्ही पुढे वारंवार वाचू लागलो. त्यांच्या जोडीला खोकल्याच्या औषधाच्या, नशेसाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या बातम्या आल्या, आणि एमडी नावाच्या पुडीच्याही. मेफेड्रोन असे तिचे पूर्ण नाव. २०१५ साली ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली गेली. म्हणजे चित्रपटातला तस्कर शेवटी आमच्या रस्त्यावर आला खरा. फक्त त्याच्या अंगावर सोनेरी कोट नव्हता; तो टेम्पोचा चालक होता आणि त्याच्या मालावर ताडपत्री होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले शेकडा चोवीस प्रौढ चघळण्याची वा तत्सम बिनधुराची तंबाखू घेत असल्याचे आढळले. चार माणसांच्या पंगतीत एक, असा हा हिशेब आहे. एवढी गिऱ्हाइके असलेल्या धंद्याचा शेवट शेवटच्या रिळात होत नसतो.

गेल्या वर्षी सुट्टीच्या एका संध्याकाळी शेजारच्या बिशीत मी तो अनुबोधपट लावला. वीस-बावीस कामगार होते. सुपरमॅन चपला घालून आला तेव्हा जो हशा उठला, तसा मी कोणत्याही नाट्यगृहात ऐकलेला नाही. ते माणसाला हसत नव्हते. चपलांना ओळखून हसत होते. एकजण म्हणाला, “ये तो अपनेवाला है.” खलनायक आला तेव्हा दोघांनी एकमेकांच्या फुगलेल्या गालांकडे बोट दाखवले आणि पुन्हा हशा झाला. संपल्यावर मी सांगितले, की हा सुपरमॅन तोंडाच्या कर्करोगाने गेला. कोणी काही बोलले नाही. कोपऱ्यातला एक वयस्क कामगार उठला, बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून आला आणि आपल्या जागी बसला. बाकीचे जेवायला उठले. पाळीची वेळ होत आली होती.

त्याने व्यसन सोडले, असे मी लिहिले तर हा लेख गोड होईल, आणि खोटाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला टपरीपाशी पाहिले. मला पाहून तो थोडा ओशाळला, पुडी हातात तशीच धरून दोन शब्द बोलला आणि पुढे गेला. त्याआधी तो मला पाहून कधी ओशाळत नसे. चित्रपटाने केले ते एवढेच, आणि माझ्या मते हे थोडके नव्हे. ज्या पेटीभर नोटा उधळून काढलेल्या सूडपटांनी त्याला आयुष्यभर करमणूक दिली, त्यांतल्या एकानेही त्याला स्वतःच्या हातातल्या पुडीकडे पाहायला लावले नव्हते.

समीक्षकाने चित्रपटाला काय मागावे, याची मोठमोठी उत्तरे मी वाचली आहेत. मला आता लहानसे उत्तर पुरते. अंधारात बसलेल्या माणसाला त्याने शत्रू खरा दाखवावा. मग कॅमेरा चाकांच्या खुर्चीवर असो वा सायकलवर असो, नायकाच्या पायांत चपला असोत. यंदा लक्ष्मीपूजनाला शेलारचे माग थोडा वेळ थांबतील, फटाके ऐकू येतील, आणि दूरदर्शनवर कुठेतरी एखादा नायक पांढऱ्या पुडीच्या राजाला उंच इमारतीवरून खाली फेकील. फराळ करता करता आपण तो जरूर पाहावा. फक्त पाहताना घरातल्या कोणाचा गाल फुगलेला आहे का, तिकडेही एकदा नजर टाकावी.